कैरोतील विद्यार्थी 'मन्सूर'

'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठी वाचकांना परिचित आहेत. त्या कथांचे इंग्रजी अनुवादक एडवर्ड लेन (१८०१-१८७६) मूळचे लंडनमधील कोरीवकाम करणारे. प्रकृती ढासळल्याने तो व्यवसाय सोडून १८२५ मध्ये ते अरबी शिकण्यासाठी कैरोस गेले. युरोपीय वस्ती टाळून ते स्थानिक मुस्लिमांमध्ये राहिले. मन्सूर हे नाव आणि तुर्की पोशाख धारण केला, मद्य वर्ज्य केले आणि काटे-सुऱ्या सोडून हाताने जेवू लागले. आपल्याला यात नवल ते काय!

१८४२ मध्ये शब्दकोशासाठी ते पुन्हा कैरोत आले. शेख इब्राहिम अल-दसूकी यांच्यासह सात वर्षे हस्तलिखिते ताडून पाहिली. कोश 'काफ' या अक्षरापर्यंत आला असताना लेन यांचे निधन झाले. उर्वरित भाग बहिणीच्या नातवाने १८९३ पर्यंत प्रसिद्ध केले.