औंधचे राजे भवानराव आणि बंदिवानांचे श्रम

आपल्या श्रीपुराच्या दक्षिणेस माणदेशांत आटपाडी हें गांव आहे. त्याच्याजवळ स्वतंत्रपूर नांवाची वसाहत आहे. तेथें शिक्षा भोगणारे कैदी राहतात. पण त्यांच्याभोंवतीं तट नाहीं. ते बायकामुलांसह राहून शेती करतात. ही वसाहत ज्यांच्या राज्यांत वसली, त्या राजांचें चरित्र वाचकांनीं जाणून घेण्याजोगें आहे.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि यांचा जन्म १८६८ सालीं झाला, व १९०९ सालीं ते औंधच्या गादीवर बसले. संस्थान लहान होतें, परंतु राजे उद्योगी होते. त्यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार केला, स्वतः चित्रें काढिलीं, आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर यांस कारखान्यासाठीं कुंडलचा माळ दिला.

त्यांच्या जन्मापूर्वीं कंपनी सरकारच्या अमलांत कैद्यांस बेड्या घालून सडकेच्या कामावर नेत असत. त्या टोळ्यांत रोगराई फार होई. मेकॉले ज्या कमिटींत होते, तिनें १८३८ सालीं ही रीत बंद करण्याची शिफारस केली. तरी ती एकाएकीं थांबली नाहीं. पुढें १८९४ च्या तुरुंगाच्या कायद्यानें मर्यादा घातल्या. निकडीचा प्रसंग सोडून कैद्याकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये. दर पंधरवड्यास त्याचें वजन नोंदावें. प्रकृति ढांसळत असल्यास तें काम बंद करावें. साध्या कैदेची शिक्षा असलेल्यास तर कामाची सक्तीच नाहीं.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांत राजाची इच्छा हीच बहुतेक कायदा असे. मग राजाला मर्यादा कोणी घालावी? भवानरावांनीं ती आपण होऊन घालून घेतली. गांधीजींच्या सल्ल्यानें त्यांनीं १९३९ सालीं राज्यघटना देऊन सत्ता प्रजेच्या हातीं सोंपविली. या कामीं त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब व पोलंड देशाचे इंजिनियर मॉरिस फ्रिडमन, ज्यांस भारतानंद म्हणत, हे झटले. फ्रिडमन यांच्याच सूचनेवरून त्याच सालीं कैद्यांस तटाबाहेर जमीन कसण्यास पाठविण्यांत आलें. ते पळून गेले असते तर दोष राजांवरच आला असता; तरीहि त्यांनीं विश्वास टाकिला.

१९४८ सालीं औंध संस्थान विलीन झालें आणि १९५१ सालीं भवानराव वारले. वसाहत मात्र राहिली. तिच्यावरून सुचलेल्या ‘दो आंखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची कथा माणदेशचेच ग. दि. माडगूळकर यांनीं लिहिली.

१९५० च्या राज्यघटनेनें वेठबिगार निषिद्ध केली. सक्तमजुरीची शिक्षा हिच्यांत मोडत नाहीं. पण कैद्याच्या श्रमास न्याय्य मोबदला द्यावा, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं ठरविलें. त्यांतील कांहीं भाग अपराधानें पीडित झालेल्यांसाठीं ठेवावा, असेंहि सुचविलें. २०२४ सालीं जातीवरून तुरुंगांतील कामें वांटून देण्यासहि त्यानें मनाई केली.

ह्या सर्वांचें सार एकच. न्यायाधीशानें दिली तेवढीच शिक्षा कैद्यानें भोगावयाची असते. सडक कितीहि निकडीची असो, त्याचें आरोग्य व त्याची मजुरी हीं सरकारच्या मालकीचीं होत नाहींत. गांवचा रस्ता किंवा बंधारा कैद्यांच्या हातून होऊं लागल्यास, ते किती तास राबतात व त्यांस मजुरी काय मिळते, हें गांवकऱ्यांनीं अवश्य विचारावें.