पंडित नीलकंठशास्त्री गोरे

ख्रिस्ती मंडळीच्या आरंभकाळी विधवांच्या नित्य अन्नवाटपासाठी जे सात सेवक निवडले गेले, त्यांत अंत्युखियाचा नीकलाव हा एक होता. जन्माने तो यहुदी नव्हता. प्रथम त्याने यहुदी धर्म स्वीकारला व पुढे तो ख्रिस्ती झाला. अशीच दोन स्थित्यंतरे करून सेवकपदास, म्हणजे डीकनच्या पदास, पोहोचलेले मराठी पंडित म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे होत.

त्यांचा जन्म १८२५ साली झाशीनजीक एका चित्पावन कुटुंबात झाला. वाढले व शिकले ते काशीस. घराणे शिवोपासक होते. परंतु शास्त्रविचारान्ती तरुण नीलकंठांनी विष्णुभक्ती पत्करली. जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचा पुरस्कार केला होता. त्याला उत्तर म्हणून नीलकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला. त्या वेळी त्यांनी विशीही जेमतेम गाठली होती. मिशनऱ्यांना वादात जिंकावे या हेतूने ते त्यांच्याकडे जाऊ लागले. पण वाद करता करता त्यांची स्वतःचीच निष्ठा डळमळू लागली. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेमिया हे नाव धारण केले.

या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्त दुरावले. १८५३ मध्ये कन्या एलन लक्ष्मी हिच्या जन्मानंतर लवकरच पत्नी निवर्तली व मुलगी परक्या घरी वाढली. पुढल्याच वर्षी महाराजा दलीपसिंग यांच्यासमवेत शास्त्रीबुवा इंग्लंडला गेले. तेथे त्यांची मॅक्स म्यूलर यांच्याशी भेट झाली. परतल्यावर १८६० मध्ये त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या दर्शनांच्या अभ्यासात आपण घडलो, त्यांचेच खंडन त्यांनी त्यात केले.

वाद संपला, तरी संशय संपला नाही. नव्या श्रद्धेविषयीही शंका त्यांना आयुष्यभर छळीत राहिल्या. बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, ते डीकन झाले; १८७० मध्ये त्यांना पुरोहितपद मिळाले. पुढे ऑक्सफर्डजवळील काउली येथील संन्यस्त संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले. अखेरची व्रते मात्र त्यांनी घेतली नाहीत. तथापि त्यांच्या युक्तिवादाचा आधार इतरांना लाभला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेणाऱ्या पंडिता रमाबाई यांच्या विचारांवर त्यांच्या लेखनाचा प्रभाव होता. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांची कन्या अलाहाबाद येथे डीकनेस झाली.

नीलकंठशास्त्र्यांना केवळ धर्मांतरित म्हणून पाहिल्यास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ मागे पडतो आणि केवळ पंडित म्हणून पाहिल्यास ‘षड्दर्शनदर्पण’ खटकतो. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष एकाच व्यक्तीने, दोन्ही वेळा मनःपूर्वक, मांडल्याचे असे उदाहरण एकोणिसाव्या शतकात विरळा. म्हणून अभ्यासकाने हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवूनच वाचणे इष्ट होय.