वाळींत पडलेला न्यायाधीश

सरकारास न भिणारा न्यायाधीश विरळा, ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु आपल्या भाऊबंदांस, शेजाऱ्यापाजाऱ्यांस आणि ज्यांच्या पंक्तीस बसून आपण लहानाचे मोठे झालों त्यांस न भिणारा न्यायाधीश त्याहूनहि विरळा होय. सरकार फार तर बढती अडवील. जात मात्र माणसास वाळींत टाकते. या दृष्टीनें अमेरिकेंतील न्यायमूर्ति जूलियस वेटीज वेरिंग यांचें चरित्र मनन करण्याजोगें आहे.

त्यांचा जन्म दक्षिण कॅरोलिना संस्थानांतील चार्लस्टन शहरीं १८८० सालीं झाला. घराणें जुनें व मानाचें. पूर्वज गुलाम बाळगणारे, आणि वडील यादवी युद्धांत दक्षिणेच्या सैन्यांत लढलेले. १९०२ पासून वेरिंग यांनीं वकिली केली व पुढें ते शहराचे कायदेसल्लागार झाले. साठी उलटेपर्यंत त्यांची गणना बंडखोरांत कोणीं केली नसती. १९४२ च्या जानेवारींत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं केलेल्या नेमणुकीस सीनेटची संमति मिळून ते मध्यवर्ती सरकारच्या जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश झाले. हीं न्यायालयें मूळ दावे चालविणारीं. साक्षी, पुरावा, ज्यूरी हें सारें तेथेंच. त्यांच्या न्यायाधीशांस मतें मागत फिरावें लागत नाहीं, आणि वर्तन शुद्ध असेतों त्यांचें आसन अढळ असतें. हें संरक्षण पुष्कळांच्या हातीं पेटींतल्या नाण्याप्रमाणें पडून राहतें. वेरिंग यांनीं तें खर्चिलें.

आरंभ साधाच होता. एकाच कामाबद्दल कृष्णवर्णीय शिक्षकांस गोऱ्यांपेक्षां कमी वेतन मिळे. १९४४ सालीं चार्लस्टनच्या दाव्यांत त्यांनीं तें समान करविलें. १९४५ सालीं प्रथम पत्नीशीं घटस्फोट घेऊन त्यांनीं एलिझाबेथ या उत्तरेकडील बाईशीं विवाह केला, तेव्हां प्रतिष्ठितांचीं दारें मिटूं लागलीं. त्यांचे पुढचे निकाल म्हणजे या अपमानाचा सूड होय, असें विरोधक म्हणत. परंतु वेतनाचा निकाल विवाहाच्या आधींचा आहे, हें त्यांनीं सोयीनें विसरावें यांत नवल नाहीं.

खरा धक्का १९४६ सालीं बसला. पॅसिफिकच्या युद्धांतून परतलेला आयझॅक वुडार्ड हा कृष्णवर्णीय शिपाई, अंगावर लष्करी गणवेष असतांनाच, बसमधून घरीं जात होता. बसचालकाशीं त्याची बोलाचाली झाली. बेट्सबर्ग गांवीं त्यास खालीं उतरविण्यांत आलें, आणि तेथील पोलीसप्रमुखानें केलेल्या मारहाणींत त्याचे दोन्ही डोळे गेले. खटला वेरिंग यांच्यापुढें चालला. सरकारी वकिलांची तयारी तोकडी, आणि ज्यूरी सर्वस्वी गोरी! तिनें सुमारें अर्ध्या तासांत आरोपीस निर्दोष ठरविलें. असा निर्णय फिरविण्याचा अधिकार न्यायाधीशास नसतो. एलिझाबेथबाई अश्रू ढाळीत न्यायालयाबाहेर पडल्या. त्यानंतर उभयतांनीं वर्णभेदाच्या प्रश्नावरील ग्रंथांचा अभ्यास आरंभिला. पासष्टी ओलांडलेल्या गृहस्थानें जन्मभराचे संस्कार पुन्हां तपासून पाहावे, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कोणत्याहि निकालाइतकीच थोर वाटते.

पुढील वर्षीं जॉर्ज एल्मोर या कृष्णवर्णीय दुकानदाराचा दावा आला. त्या संस्थानांत डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडला कीं निवडणूक संपल्यासारखीच असे. म्हणून पक्षाच्या प्राथमिक मतदानांतून कृष्णवर्णीयांस वगळलें जाई. ही बंदी कायद्याच्या कचाट्यांत सांपडूं नये म्हणून १९४४ सालीं संस्थानानें त्यासंबंधींचे सारे कायदेच रद्द केले व पक्ष म्हणजे एक खासगी मंडळी असल्याचा देखावा उभा केला. वेरिंग यांनीं १२ जुलै १९४७ रोजीं तो पडदा फाडला, व वरिष्ठ न्यायालयानेंहि त्यांचाच निकाल उचलून धरिला. १९४८ च्या प्राथमिक मतदानांत सुमारें ३५,००० कृष्णवर्णीयांनीं मत दिलें. एल्मोरची मात्र माल पुरविणाऱ्यांनीं व सावकारांनीं कोंडी केली आणि त्याचें दुकान बसलें. पेठेंतील आमच्या वाचकांस या शिक्षेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

न्यायाधीशाची शिक्षा निराळी होती. जुने स्नेही रस्त्यांत तोंड फिरवूं लागले. कायदेमंडळांत त्यांच्यावर महाभियोग आणण्याची भाषा झाली. १९५० सालीं त्यांच्या घराजवळ क्रूस जाळण्यांत आला आणि पुढें घरावर दगड पडले. तरी शेवटचें काम राहिलें होतें. क्लॅरेंडन परगण्यांतील कृष्णवर्णीय पालकांनीं शाळांच्या विषमतेविरुद्ध दावा लाविला. त्यांचे वकील थर्गुड मार्शल यांस वेरिंग यांनीं सुचविलें कीं, समान सोयी मागत बसण्यापेक्षां विभक्त शाळांच्या तत्त्वावरच घाव घालावा. तसें केल्यास दावा तीन न्यायाधीशांपुढें जाणार व इतर दोघे प्रतिकूल असणार, हें उघड होतें. पण तेथून अपील थेट सर्वोच्च न्यायालयांत जात असे. १९५१ सालीं दोघांनीं एक बाजू घेतली. वेरिंग यांनीं एकट्यानें भिन्न मत लिहिलें कीं, वर्णावरून मुलांस वेगळें बसविणें हीच मुळांत विषमता होय. १७ मे १९५४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या व अन्य दाव्यांत मिळून एकमतानें तेंच ठरविलें.

तोंवर वेरिंग न्यायासन सोडून न्यूयॉर्कला गेले होते. चार्लस्टनमध्यें त्यांस घर होतें, पण सोबत उरली नव्हती. १९६८ सालीं त्यांचें देहावसान झालें. देह चार्लस्टनला आणिला, तेव्हां दफनास सुमारें दोनशें कृष्णवर्णीय आले. गोरे बोटांवर मोजण्याइतके. २०१५ सालीं त्याच शहरांतील न्यायालयाच्या इमारतीस त्यांचें नांव देण्यांत आलें.

मेलेल्या सुधारकास हार घालण्यास धैर्य लागत नाहीं. तें प्रत्येक शहर सवडीनें करितें. जिवंतपणीं त्याच्या घरीं पानसुपारीस कोण जातो, यावरच त्या शहराची परीक्षा होते. तीच परीक्षा आपल्या पेठेची व आपल्या आळीचीहि आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.