हिराबाईंनी फेडलेले कर्ज

कै. हिराबाई बडोदेकर यांचे नाव निघाले, की त्यांचे संथ, सुरेल गाणे आठवते. परंतु त्याच गळ्याने एका बुडालेल्या नाटक मंडळीचे कर्जही फेडले. आपल्या मंडळाच्या भगिनींनी ही हकीकत अवश्य जाणून घ्यावी.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ व आई ताराबाई माने. १९२२ च्या सुमारास आईवडील विभक्त झाले आणि पाच मुलांचा भार ताराबाईंवर पडला. हिराबाईंना वडील बंधू सुरेशबाबूंचे मार्गदर्शन लाभले, तसेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. कुलीन घरांत स्त्रीच्या जाहीर गाण्याकडे संशयाने पाहिले जाई, त्या काळात त्या व्यासपीठावर बसून, तिकिटे लावून जलसे करू लागल्या.

कुटुंबाने पुण्यात नूतन संगीत विद्यालय चालविले व पुढे १९२९ च्या सुमारास त्याची नाट्यशाखा काढली. त्या वेळी बड्या नाटक मंडळ्यांतून स्त्रियांची कामे पुरुषच करीत. केवळ स्त्रियांच्या मंडळ्या होत्या, त्या निराळ्या. या भावंडांनी स्त्री-भूमिका स्त्रीनेच करावी व पुरुषांच्या बरोबरीने करावी, असा पायंडा पाडण्याचे धाडस केले. ‘सौभद्र’, ‘पुण्यप्रभाव’, ‘साध्वी मीराबाई’ अशा नाटकांतून हिराबाई रंगभूमीवर आल्या.

पण नाटक मंडळी म्हणजे फिरते बिऱ्हाडच. नटांचे पगार, साजिंदे, पडदे, कपडेपट, रेल्वेचे भाडे, थिएटरचे भाडे आणि साऱ्यांचे दोन वेळचे जेवण, हा खर्च रोजचा. उत्पन्न मात्र खेळ असेल त्या रात्रीचे. पावसाने खेळ पडला, तरी चूल पेटवावीच लागे. त्यातच १९३१ साली ‘आलम आरा’ व १९३२ साली मराठी ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले. थोड्या पैशांत गाणे व नाटक दोन्ही मिळू लागल्यावर प्रेक्षक तिकडे वळला. मोठमोठ्या मंडळ्या डळमळल्या, तेथे या लहान मंडळीचा टिकाव कसा लागावा? काही वर्षांतच ती बंद पडली आणि मागे कर्जाचा डोंगर राहिला.

हा भार मुख्यतः हिराबाईंनी उचलला. गावोगाव बैठकी करून, रेडिओवर गाऊन, ध्वनिमुद्रिका देऊन त्यांनी देणेकऱ्यांचे पैसे चुकते केले. एवढी ओढाताण चालू असतानाही त्यांच्या गाण्यातला शांतपणा ढळला नाही, की त्यांनी ते उथळ होऊ दिले नाही. पुढे १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० साली पद्मभूषण हे मान त्यांना मिळाले. १९८९ साली त्यांचे निधन झाले.

मंडळी बुडाली, पण तिने धरलेली वाट बुडाली नाही. पुढे स्त्री-पुरुषांनी एकत्र काम करणे मराठी रंगभूमीवर नित्याचे झाले. संस्था काढताना सगळ्यांनाच हुरूप असतो. ती मोडल्यावर तिचे देणे आपले मानणारे माणूस विरळा. वर्गणीची वही हाती घेऊन दारोदार फिरणाऱ्या आपणा भगिनींना हिराबाईंची थोरवी म्हणूनच अधिक कळेल.