घटक ४ : डॉ. होमी भाभा : स्वावलंबी इंधनाचा शोध

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• डॉ. होमी भाभा यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• युरेनियम व थोरियम या इंधनांविषयीचा त्यांचा विचार स्पष्ट करता येईल.
• चरित्रनायकाच्या कार्याचे तटस्थ मूल्यमापन करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, चरित्र म्हणजे केवळ सनावळी नव्हे. चरित्रनायकाने आपल्या काळातील कोणत्या प्रश्नाला हात घातला, हे त्यातून उलगडावे लागते. डॉ. भाभांपुढील प्रश्न इंधनाचा होता. आपण छत्रपती संभाजीनगर परिसरात राहत असाल, तर तो आपल्याला सहज उमगेल. वेरूळची लेणी ज्या बसाल्ट खडकात कोरली आहेत, त्यात कोळसा नाही. युरेनियम आणि थोरियमही ग्रॅनाइटच्या तुलनेने फारच थोडे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राला कोळसा दुरून आणावा लागतो. ज्या प्रदेशाजवळ कोळसा नाही, त्याने वीज कशी निर्माण करावी? भाभांच्या जीवनकार्याचा मोठा भाग या प्रश्नाभोवती फिरतो.

४.२ जडणघडण

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर होते; टाटा घराण्याशी निकटचे नाते होते. मुलाने अभियंता होऊन टाटांच्या उद्योगात यावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. त्यासाठी १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांचे मन भौतिकशास्त्रात रमले. तथापि वडिलांच्या इच्छेचा मान राखून त्यांनी अभियांत्रिकीची परीक्षा उत्तम रीतीने पूर्ण केली आणि मगच आपला मार्ग धरला. वैश्विक किरणांविषयीच्या संशोधनाने त्यांना कीर्ती मिळाली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १९४१ मध्ये, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. चित्रकला व संगीत यांतही त्यांना उत्तम गती होती, हे आपण ध्यानात ठेवावे.

४.३ संस्थांची उभारणी

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असतानाच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या सहवासात ते काम करू लागले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधन संस्थेची योजना मांडली. अणुशक्तीपासून वीज मिळू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्यामागील विचार होता. हिरोशिमावर बॉम्ब पडण्याच्या आधीची ही गोष्ट आहे! १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद भाभांकडे आले. पुढे तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली संशोधन अणुभट्टी कार्यान्वित झाली.

४.४ इंधनाचा त्रिस्तरीय विचार

नैसर्गिक युरेनियममध्ये सहज विखंडन पावणारे युरेनियम-२३५ केवळ ०.७ टक्के असते. भारतात युरेनियम मर्यादित. मात्र केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल आहे. अडचण अशी, की थोरियम स्वतः इंधन म्हणून पेट घेत नाही. त्याने न्यूट्रॉन शोषल्यावर त्यापासून युरेनियम-२३३ तयार होते आणि तेच इंधन ठरते. चुलीत ओले लाकूड घालण्यापूर्वी निखारा हवा, तसेच हे आहे.

हा निखारा मिळविण्यासाठी भाभांनी १९५४ मध्ये तीन टप्पे मांडले :
१) नैसर्गिक युरेनियम वापरून वीज निर्माण करणे व सोबत प्लुटोनियम मिळविणे;
२) त्या प्लुटोनियमवर प्रजनक अणुभट्ट्या चालवून इंधन वाढविणे;
३) अखेरीस थोरियम व युरेनियम-२३३ यांवर विसंबणे.

पुढच्याच वर्षी जिनिव्हा येथील अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

४.५ मूल्यमापन

चरित्रनायकाविषयी आदर असावा. परंतु त्याने आपली दृष्टी झाकोळू नये. स्वावलंबनाचा आग्रह धरणाऱ्या भाभांच्याच काळात, १९६३ मध्ये, तारापूरच्या अणुभट्ट्यांसाठी अमेरिकेशी करार झाला. त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम बाहेरून येणार होते. पश्चिम भारताला वीज लवकर मिळावी, हे त्याचे कारण. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर हा पुरवठा अडचणीत आला आणि परावलंबनाची किंमत देशाला कळली. शिवाय ज्या प्लुटोनियमपासून वीज मिळते, त्यापासूनच अस्त्रही घडते; त्या चाचणीत तुर्भे येथील अणुभट्टीत तयार झालेले प्लुटोनियम वापरले होते. थोरियमचा तिसरा टप्पा अद्याप व्यापारी स्वरूपात साकारलेला नाही. म्हणजेच भाभांनी दाखविलेली दिशा टिकली. काळाचा अंदाज मात्र चुकला.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावर झालेल्या विमान अपघातात, वयाच्या अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तारापूरची वीज त्यांना पाहता आली नाही. ती १९६९ मध्ये मिळू लागली. तुर्भे येथील केंद्राला १९६७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

४.६ सारांश

आपल्या भूमीत काय आहे, हे पाहून भाभांनी दीर्घ पल्ल्याची योजना आखली आणि ती पेलणाऱ्या संस्था व माणसे घडविली. योजना अपुरी राहिली, तरी संस्था टिकल्या. त्यांच्या चरित्राचे मर्म येथे आहे.

४.७ स्वाध्याय

१) थोरियमचा थेट इंधन म्हणून वापर का करता येत नाही?
२) तारापूरचा निर्णय भाभांच्या स्वावलंबनाच्या विचाराशी सुसंगत होता काय? आपले मत सकारण लिहा.
३) आपल्या परिसरातील वीज कोणत्या इंधनापासून येते, याची माहिती मिळवून दहा ओळींत टिपण लिहा.