कर्मवीर भाऊराव पाटील : आधी गाव ओळखलं, मग शाळा काढली

समाजासाठी काहीतरी करायला पाहिजे, असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. कमिटी होते, चंदाही जमतो, पण दोन वर्षांत काम बंद पडतं. असं का होतं, ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या आयुष्यातून कळतं.

त्यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कोल्हापूरकडच्या कुंभोजचा. घराणं जैन, गाव आजच्या सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगमध्ये राहिले. तिथं शाहू महाराजांच्या मदतीनं मराठा, मुस्लिम, जैन अशी वेगवेगळी बोर्डिंगं चालत. पुढं साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायला गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांना शेतकऱ्याचं घर आतून कळलं. पोराला शिकवायची इच्छा होती, पण गावात शाळा नव्हती आणि शहरात ठेवायला पैसा नव्हता. म्हणजे नुसती शाळा काढून भागणार नव्हतं, राहण्या-जेवणाची सोयही लागणार होती.

1919 साली कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 1924 ला साताऱ्यात वसतिगृह काढलं, आणि तेही सगळ्यांसाठी एकच. मराठा, मुस्लिम, जैन, दलित मुलं एका पंगतीत जेवू लागली. धान्य संपलं की पत्नी लक्ष्मीबाई दागिने मोडायच्या, शेवटी मंगळसूत्रही गेलं.

रोख पैसा शेतकऱ्याकडं नसतो, मूठभर धान्य असतं, हे भाऊरावांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी धान्य मागितलं. मुलांना शेतात काम दिलं, म्हणजे शिक्षण कुणाच्या उपकाराचं राहिलं नाही. खेड्यांत शाळा काढायच्या तर मास्तर लागणार, म्हणून 1935 मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं.

9 मे 1959 रोजी ते गेले. संस्था मात्र आजही चालू आहे. साताऱ्यातलं रयतचं लॉ कॉलेज इस्माईलसाहेब मुल्ला यांच्या नावानं आहे.

आपल्या मोहल्ल्यात काम सुरू करताना आधी घरोघरी जाऊन विचारायला हवं : पोरं शाळा का सोडतात? फीमुळं, कामामुळं, की मुलींसाठी जवळ हायस्कूल नाही म्हणून? उत्तर हाती आलं की चंदा कशासाठी मागायचा, हेही कळेल.