भीतीवर औषध शोधणाऱ्या डॉ. रखमाबाई

घरातल्या लेकी-सुनेचे दिवस भरत आले की आपल्या सिंधुदुर्गात अजूनही चर्चा रंगते. जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव घालायचं, ओरोसला जायचं, की सरळ बांबोळी गाठायची? ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलेलं असतं, पिशवी भरलेली असते. तरी मनात धाकधूक असतेच. तिथे नीट बघतील ना? उगाच सिझर तर करणार नाहीत? रक्त लागलं तर मिळेल ना?

मैत्रिणींनो, ही भीती आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी ती याहून कितीतरी मोठी होती. इस्पितळात माणूस जातो तो मरायलाच, असं तेव्हा लोक धरून चालत. या भीतीशी उभा जन्म झुंजलेली एक मराठी बाई म्हणजे डॉ. रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, त्यामुळे लहानग्या रखमाबाईंच्या कानावर घरातच वैद्यकाच्या गोष्टी पडू लागल्या. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आलं, पण त्या माहेरीच राहिल्या. १८८४ साली नवऱ्याने बायको नांदायला यावी म्हणून कोर्टात दावा लावला. खटला चार वर्षं गाजला. १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल लागला, तेव्हा आपण तुरुंगात जाऊ असं त्यांनी ठामपणे कळवलं. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या मोकळ्या झाल्या.

खटल्याची ही हकीकत पुष्कळजणींना ठाऊक असते. पुढची मात्र फारशी कुणी सांगत नाही. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी मदत केली आणि रखमाबाई १८८९ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन आल्या खऱ्या, पण १८८७ मध्येच त्या गेल्या. रुग्णांना तपासायला त्यांना आयुष्य पुरलं नाही. रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या, मायदेशी परतल्या आणि १८९५ पासून सुरतच्या बायकांच्या इस्पितळाचा कारभार बघू लागल्या.

इस्पितळ होतं, डॉक्टरीण होती, पण बाळंतपणाला बायकाच येईनात! घरातली अंधारी खोली आणि ओळखीची सुईण, हेच त्यांना सुरक्षित वाटे. आपल्याकडेही वैजिणीवर असाच भरवसा होता की. शिवाय ती भीती अगदीच वेडगळ नव्हती, बरं का. युरोपातल्या मोठमोठ्या इस्पितळांतही बाळंतिणी सूतिकाज्वराने जात. व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली त्याचं कारण शोधलं. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर हात निर्जंतुक न करताच बाळंतिणींना तपासत होते. औषधी पाण्याने हात धुणं सक्तीचं केल्यावर मृत्यू झपाट्याने कमी झाले. म्हणजे इस्पितळ धोक्याचं ठरू शकतं हे खरं, आणि स्वच्छता पाळली तर तो धोका टळतो हेही खरं.

आता हे सुरतेतल्या पडद्याआडच्या बायकांना कसं पटवायचं? रखमाबाईंची एक आठवण सांगतात. भाषणं देण्याऐवजी त्यांनी म्हणे एक गाभण शेळी इस्पितळात आणली आणि सगळ्यांसमक्ष तिची सुटका केली. शेळीही सुखरूप, करडूही सुखरूप! बायकांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि मग एकेक जण येऊ लागली.

बायकांना अडाणी म्हणून हिणवणं सोपं होतं. रखमाबाईंनी तसं केलं नाही. त्यांनी भीती समजून घेतली आणि कामातून विश्वास मिळवला. पुढे प्लेग आला. प्लेगच्या इस्पितळाचं नाव काढलं तरी लोक पळत. १८९६ साली मुंबईत तर जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. अशा काळात सुरतेत रखमाबाई रुग्णांजवळ राहिल्या. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. सुरतेत वीसेक वर्षं काढून त्यांनी राजकोटच्या बायकांच्या इस्पितळात काम केलं, निवृत्तीनंतर त्या मुंबईला आल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

२०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस जगभर रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. आपल्यापुरता तो वर्षभर पाळता येईल. केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट एका फायलीत ठेवा. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर आठवणीने सांगा. सिझर कशासाठी, हे इंजेक्शन कसलं, हे न लाजता विचारा. बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा आधी हात धुवा. आणि दवाखान्यात काम करणाऱ्या तायांनो, घाबरलेल्या बाईवर खेकसण्याआधी रखमाबाईंची ती शेळी आठवा. दोन शब्द नीट समजावून सांगितलेत, तर पुढच्या खेपेला ती वेळेवर येईल. आणि वेळेवर आली, तर बाळ-बाळंतीण दोघंही वाचण्याची आशा कितीतरी वाढेल.